न्यू जर्सीत घर भाड्याने दिलंय, अंब्रेला पॉलिसी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की एडिसनचं जुनं घर भाड्याने दिलंय, त्याची लँडलॉर्ड पॉलिसी (भाड्याच्या घराचा विमा) आहे, मग वर अंब्रेलाचे, म्हणजे त्या विम्याची मर्यादा संपल्यावर उरलेला दावा भरणाऱ्या जादा पॉलिसीचे, पैसे कशाला? आणि घर एलएलसीच्या (मालकाची खासगी मालमत्ता वेगळी ठेवणाऱ्या छोट्या कंपनीच्या) नावावर केलं तर भागेल का?

अंब्रेला घ्या. पण तिला छत्री समजू नका, पहिला मजला समजा. खाली तळमजला धड नसेल तर ती उभीच राहत नाही. हे मी घाम फुटल्यावर शिकलो.

माझं टू-फॅमिली घर आहे, दोन्हीकडे भाडेकरू. एका जानेवारीत वरच्यांकडे आलेले पाहुणे मागच्या जिन्यावरून पडले. कठडा हलत होता. भाडेकरूने तसा मेसेज केला होता आणि मी "वीकेंडला बघतो" म्हणून उत्तरही दिलं होतं. वीसेक महिन्यांनी वकिलाचं पत्र आलं, सोबत माझ्या त्याच मेसेजचा स्क्रीनशॉट. (दावा लावायला इथे दोन वर्षं असतात, त्यामुळे प्रकरण निवलं असं मानू नका.) घोट्याचं ऑपरेशन, बुडालेला पगार, आकडा मोठा होता.

एजंटला फोन केला तेव्हा लक्षात आलं की अपघाताच्या आधीच घर मी एलएलसीच्या नावावर केलं होतं आणि अंब्रेला मात्र माझ्या एकट्याच्या नावावर आहे. म्हणजे एलएलसीवरच्या दाव्याला तिचा काही उपयोग नाही. लँडलॉर्ड पॉलिसीवर नाव बदललेलं होतं आणि प्रकरण तिच्याच मर्यादेत मिटलं, म्हणून वाचलो.

एलएलसीचा फायदा आहे, पण ती वकिलाची फी भरत नाही. शिवाय हलगर्जी तुमची स्वतःची असेल, तर दावा तुमच्यावरही लागतो. घर तिच्या नावावर करायचंच असेल तर बहुधा कमर्शियल (धंद्यासाठीची) अंब्रेला लागेल. कर्ज चालू असेल तर आधी बँकेलाही विचारा.

आता तळमजला. अंब्रेला दहा-दहा लाख डॉलरच्या टप्प्यात मिळते आणि खालच्या पॉलिसीची मर्यादा संपल्यावर सुरू होते. कंपनीची अट असते, लँडलॉर्ड पॉलिसीत लायबिलिटी (दुसऱ्याच्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई) किमान 3 लाख, कुठे 5 लाख. तुमची 1 लाखाची असेल आणि अट 3 लाखांची, तर मधले 2 लाख तुमच्या खिशातून. गाडीच्या पॉलिसीलाही अशीच अट असते, तीही बघा. न्यू जर्सीत तर 2022 च्या कायद्याने भाड्याच्या घराला 5 लाखांची लायबिलिटी सक्तीचीच केलीय (चार किंवा कमी युनिटं आणि त्यातल्या एकात मालक राहत असेल तर 3 लाख). त्याचं सर्टिफिकेट दरवर्षी टाउनशिपकडे नोंदवावं लागतं. आपल्यातल्या कित्येकांना हे माहीतच नाही.

प्रीमियम त्या मानाने फार नसतो. पहिल्या दहा लाखांना वर्षाला काही शे डॉलर, भाड्याच्या प्रत्येक घरामागे थोडे वाढीव. मात्र घराचं स्वतःचं नुकसान, बुडालेलं भाडं यातलं काही ती देत नाही. भाडेकरूचा कुत्रा असेल तर जात सांगून विचारा, काही जाती सरळ वगळलेल्या असतात.

एजंटशी हे फोनवर बोलू नका, ईमेल करा. डीडवर (घराच्या मालकीच्या कागदावर) जे नाव आहे तेच दोन्ही पॉलिसींवर आहे का आणि एडिसनचा पत्ता अंब्रेलात नोंदलाय का, एवढं त्याच्याकडून लेखी घ्या.