दहावीची गुणपत्रिका

“मेंदूज्वरातून वाचली, पण वाचलेलं डोक्यात राहत नाही. पदवी होईल का?” मुलगा असो वा मुलगी, पालकांचा हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की एकदा लिहूनच टाकते.

ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बाबा दर वेळी लॅमिनेट केलेली दहावीची गुणपत्रिका टेबलावर ठेवायचे. “मॅडम, आधी एकदा वाचलं की पाठ व्हायचं हिला.” ती खाली बघत कोपऱ्यावरचं सुटलेलं प्लास्टिक नखाने उचकटत बसायची.

स्मृतीच्या चाचण्या झाल्या होत्या, फिट्सच्या गोळ्या चालू होत्या. मी युक्त्या सांगत होते, ती करत नव्हती. चार भेटी अशाच गेल्या. मग माझ्या लक्षात आलं: अडचण नुसती स्मरणशक्तीची नव्हती, ‘पूर्वीसारखंच’मधल्या ‘च’ची होती. हा ‘च’ मी माणसांच्या बोलण्यात नेहमीच शोधते. तो सुटल्याशिवाय युक्ती लागू पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी गुणपत्रिका तिच्यापुढे सरकवली. “ही मुलगी कॉस्टिंगच्या पेपरला बसणारेय?”

बराच वेळ ती गप्प होती. मग बाबांकडे वळली. “ती नाही बसणार, बाबा. मी बसणारे. माझ्याबद्दल बोला ना.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. गुणपत्रिका पिशवीत गेली ती पुन्हा निघाली नाही.

पुढचं काम त्यामानाने सोपं. पंचवीस मिनिटं वाचायचं, वही मिटायची, आणि भाजी निवडणाऱ्या आईला ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग चार दिवसांनी. नुसतं परत परत वाचलं की येतंय असा भास होतो. न बघता आठवलेलंच टिकतं. दुपारची झोप हा आळस नव्हे, थकलेल्या मेंदूची गरज आहे.

“सवलत म्हणजे भीक” म्हणत तिने अर्ज अडवून ठेवला होता, तोही भरला. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांना गरजेनुसार तासामागे किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला तासभर मिळतो. कागद सत्राच्या सुरुवातीलाच परीक्षा विभागात द्या. हॉल तिकीट आल्यावर धावपळ नको.

दोन एटीकेटी लागल्या, एक वर्ष जास्त गेलं, पण पदवी मिळाली.

परवा एम.कॉम.चा फॉर्म भरल्याचं सांगायला आली, मंगळवारी. मी म्हटलं, “अगं, बुधवार ठरला होता ना?” तिने वही उघडून दाखवली. मंगळवार, माझ्याच अक्षरात.