चार तारा आणि एक डबा

प्रश्न : मी भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. १४ एप्रिलच्या आसपास रोज कार्यक्रम, नवरात्रात जागरणं, मधे कधी पंचम नाईट. बेस चार तारांचा, पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेला. ॲम्प नाही, वायर सरळ मिक्सरला जाते. आता प्रोसेसर (आवाजाला इफेक्ट देणारा पायाजवळचा डबा) घ्यावा म्हणतो, बजेट १२ हजार. मोठ्या भावाचा गिटारचा प्रोसेसर घरात पडून आहे. तोच वापरू की बेसचा वेगळा घेऊ? दुकानदार म्हणतो, ज्यात जास्त इफेक्ट तोच घ्या.
— एक वाचक, इंदोरा, नागपूर

उत्तर : भाऊ, दुकानदाराला नमस्कार करा आणि पुढे चला. सावजीत मसाले किती पडले ते मोजून कोणी जेवायला बसत नाही. अठ्ठावीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवून राहिलो, रात्रभरात मला तीन इफेक्ट लागतात. मोठे-बारीक सूर एका पातळीवर आणणारा कंप्रेसर, आवाज जरा फाडणारा ओव्हरड्राइव्ह, तोही चिमूटभर, आणि एखाद्या संथ गाण्याला आवाज दाट करणारा कोरस. चौथा म्हणाल तर ट्यूनर, आणि पैसे वसूल करून देतो तो हाच. अंधाऱ्या स्टेजवर, ढोलकीच्या दणक्यात, कानानं सूर लावणारा मी तरी अजून पाहिला नाही.

भावाच्या प्रोसेसरला आधी एक संधी द्या, फुकटचा आहे. गिटारची जाडी तार ८२ हर्ट्झला वाजते, आपली ४१ला. गिटारचे बरेचसे ओव्हरड्राइव्ह आवाज फाडायच्या आधी खालचा भाग कापून टाकतात, नाहीतर गिटार चिखलासारखी वाजते. गिटारसाठी ते बरोबरच आहे. आपण मात्र त्या खालच्या भागाचीच मजुरी घेतो. तेव्हा बेस लावा, जाडी तार मोकळी छेडा आणि फक्त ओव्हरड्राइव्ह चालू-बंद करत राहा. चालू केल्यावर पायाखालची सतरंजी कोणी ओढल्यासारखं वाटलं, तर तो डबा भावाला परत द्या. मात्र त्या इफेक्टमध्ये मूळ आवाज मिसळायची सोय असेल (ब्लेंड, मिक्स किंवा ड्राय असं काही लिहिलेलं असतं) तर अर्धा मूळ आवाज ठेवून पुन्हा ऐका. कधी कधी तेवढ्यानं काम भागतं.

नाहीच भागलं तर तुमच्या पैशात मी झूम बी१ फोर घेईन. डबा बेससाठीच बनवलेला आहे, एका वेळी पाच इफेक्ट एकामागे एक लावता येतात, वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारा लूपर आहे, ताल आहेत, आणि चार पेन्सिल सेलवर चालतो. सेलचं महत्त्व जिथे लाइट जाते तिथल्या माणसाला सांगायला नको. त्याचाच भाऊ बी१एक्स फोर, त्याला पायाचं पेडल जास्तीचं. भीमगीतात त्या पेडलनं ‘वाह’ इफेक्ट वाजवायची वेळ तुमच्यावर येणार नाही, ते पैसे वाचवा. बॉस कंपनीची जीटी-१बी चांगली आहे, पण १२ हजारांत बसत नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

झूममधली एक गोष्ट दुकानात कोणी दाखवत नाही. खाली दोन फूटस्विच आहेत, एक पुढच्या पॅचला (साठवून ठेवलेल्या इफेक्टच्या जुळणीला) नेतो, एक मागच्या. पहिल्यावरून सरळ पाचव्यावर उडी मारायची तर मधले तीन तुडवत जावं लागतं आणि तेवढ्यात मुखडा निघून जातो. म्हणून पॅच कार्यक्रमाच्या क्रमानं लावा. माझे तीनच असतात. मधे साधा, डावीकडे कोरसचा, उजवीकडे ओव्हरड्राइव्हचा. कुठेही जायचं तर एकच पाऊल. तिन्हींचा आवाज सारखा करून घ्या. ओव्हरड्राइव्हचा पॅच इतरांपेक्षा मोठा राहिला, तर मिक्सरवाला तुमच्या आवाजाचा फेडर खाली ओढतो आणि नंतर वर करायचं विसरतो. (तो विसरत नाही. राग काढतो.)

कंपनीनं भरून दिलेले पॅच ऐकून मशीन जोखू नका. ते दुकानात भुलवायला असतात, नुसता रिव्हर्ब आणि भपका. रिकामा पॅच घ्या, त्यात कंप्रेसर टाका, तो इतकाच वाढवा की जोरात वाजलेला सूर दबेल पण बोटाचा ठोका ऐकू येत राहील. ठोका गेला की बेस उशीसारखा वाजतो. त्यानंतर ओव्हरड्राइव्ह, अगदी थोडा. तुम्ही म्हणाल, भीमगीतात फाटका आवाज कशाला? वस्तीतल्या कार्यक्रमात जे कॉलम (उभे स्पीकर) लावतात ते ४१ हर्ट्झ नीट वाजवतच नाहीत. ओव्हरड्राइव्हनं त्या सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे स्वर तयार होतात, ते कॉलममधून बाहेर पडतात आणि कान त्यावरून खालचा सूर मनानंच पुरा करून घेतो. बेस फाटका वाटत नाही, नुसता समोर येतो. तुमची वायर थेट मिक्सरला जाते, म्हणून प्रोसेसरमधली ॲम्प आणि कॅबिनेटची (स्पीकरच्या खोक्याची) नक्कल चालू ठेवा. कुठे खरा बेस ॲम्प मिळाला, तर कॅबिनेट बंद करा, एका खोक्यातून दुसरं खोकं वाजवू नका.

आणखी एक फायदा तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. पॅसिव्ह बेसला पुढे पाच ते दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, मिक्सरच्या लाइन इनपुटला साधारण दहाच हजार असतात. त्यानं आवाज दबतो, वरची चमक मरते. प्रोसेसर मधे आला की सगळे इफेक्ट बंद ठेवले तरी बेस उघडतो. या डब्याला एक्सएलआरचं (माइकच्या तीन पिनांच्या वायरचं) तोंड नाही, म्हणून उरलेल्या पैशातून एक साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे मिक्सरच्या त्या वायरला जोडून देणारी छोटी पेटी घ्या, ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला. मांडवातल्या लाइटिंगची घूंऽऽ ऐकू आली की ते बटण दाबायचं, बहुतेक वेळा थांबते.

ॲडॉप्टरचं मात्र नीट ऐका, हे मी पैसे मोजून शिकलो. एका जयंतीच्या कार्यक्रमाला माझा ॲडॉप्टर घरी राहिला. कीबोर्डवाल्याकडे जादा होता, पिन चपखल बसली, मी बटण दाबलं. स्क्रीन एकदा उजळली, मग फटाक्याच्या वातीसारखा वास आला आणि डबा गेला तो गेलाच. आपल्या डब्यांना ९ व्होल्ट लागतात आणि पिनेच्या मधोमध ऋण असतो. कीबोर्डच्या बऱ्याच ॲडॉप्टरवर मधोमध धन असतो आणि व्होल्टही जास्त. ॲडॉप्टरच्या पाठीवर एक वर्तुळ आणि त्यात ठिपका काढलेला असतो, ठिपक्याला जोडलेल्या रेघेच्या टोकाला वजाचं चिन्ह आहे ना, ते बघूनच लावा. त्या रात्री मी उरलेली चौदा गाणी कोरडी वाजवली, आणि कार्यक्रमानंतर एकाही माणसानं विचारलं नाही की बेसचा कोरस कुठे गेला. हे तुम्हाला सांगावं की नाही, असा दोन दिवस विचार केला.

घ्यायला जाताना स्वतःचा बेस खांद्यावर घेऊन जा. बर्डी असो की सदर, दुकानातल्या नव्याकोऱ्या ॲक्टिव्ह (बॅटरीवाल्या) बेसवर सगळंच गोड लागतं. आणि मे महिन्यात डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन माणसाला सोसत नाही, स्क्रीनला काय सोसणार!

प्रश्न : माझा बेस पाच तारांचा आहे. ऑक्टेव्ह (एक सप्तक खालचा सूर जोडणारा इफेक्ट) लावला की खालच्या तारांवर आवाज लटपटतो, गुरगुरतो. मशीन खराब आहे का? बदलून मिळेल?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : मशीन चांगली आहे, मागणी जड आहे. तुमची पाचवी तार ३१ हर्ट्झ. ऑक्टेव्हनं त्याचे अर्धे केले की साडेपंधरा, आणि माणसाचा कान २०च्या आसपासच हात टेकतो. मशीनला तो सूर ओळखायलाही वेळ लागतो, म्हणून लटपट. ऑक्टेव्ह डी आणि जी या बारीक तारांवर, सातव्या फ्रेटच्या वर वाजवा. एका वेळी एकच सूर, आणि बाकीच्या तारा तळहातानं दाबून. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

प्रश्न : घरी रात्री सराव करते म्हणून प्रोसेसरला मोबाइलचे इअरफोन कन्व्हर्टर लावून जोडले. आवाज फक्त डाव्या कानात येतो. इअरफोन दुसरे लावून पाहिले, तेच.
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, इअरफोन नाही, कन्व्हर्टर बदला. तुम्हाला मोनो, म्हणजे एकाच बाजूचा आवाज नेणारा मिळालाय, हवा स्टिरिओ, दोन्ही बाजूंचा. दुकानात ‘मोठी पिन द्या’ म्हटलं की हाताला येईल तो देतात, दोन्ही त्यांच्या लेखी मोठी पिनच. विकत घेताना पिनेवरच्या काळ्या कड्या मोजा. एक असेल तर परत ठेवा, दोन असतील तर तो स्टिरिओ.