चित्रेच्या सरळ खाली

प्रश्न : लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये (गॅलेक्सींमध्ये) धूळ फारशी नसते, असं वाचलं होतं. मग ‘सेंटॉरस ए’च्या फोटोत मधोमध काळा पट्टा कसा? ही दीर्घिका आपल्याकडून दिसते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वाचलंत ते बरोबर आहे. तो पट्टा मूळचा तिचा नाहीच. या दीर्घिकेने धूळ आणि वायूने भरलेली दुसरी दीर्घिका गिळली, त्याचा हा उरलेला पुरावा. बाकीची दीर्घिका म्हाताऱ्या, पिवळसर ताऱ्यांची. नवे तारे जन्मतात ते मुख्यतः या पट्ट्यात. काही अभ्यासक तिला लंबवर्तुळाकार न म्हणता भिंगाकार म्हणतात, त्या वादात मी पडत नाही. मध्यभागी सुमारे साडेपाच कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. जेम्स डनलॉप या खगोलशास्त्रज्ञाने 1826 साली ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या पॅरामाटाहून ती शोधली तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आकाशातला एक जोरदार रेडिओस्रोत (रेडिओलहरी येतात ती जागा) म्हणजे हीच दीर्घिका, हे जुळलं थेट 1949 मध्ये, तेही सिडनीतच.

आता दिसण्याचं. दिसते, आणि सापडायलाही सोपी आहे. चित्रा नक्षत्राचा ठळक तारा ऐन दक्षिणेला आला की त्याच्या सरळ खाली या. चित्रा आणि क्षितिज यांच्या साधारण मध्यावर ती असते, म्हणजे साताऱ्याहून 29 अंश उंचीवर. मेच्या मध्यात ही वेळ रात्री साडेदहाच्या आसपास येते. पण मेमधली धूसर हवा मला पसंत नाही. त्यापेक्षा फेब्रुवारीअखेर पहाटे साडेतीन-चारला उठा. चंद्र नको, आणि शहराच्या दक्षिणेला जा, म्हणजे दिवे पाठीशी राहतील.

मी आधी ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पकडते. तो जास्त ठळक, आणि दीर्घिकेच्या साडेचार अंश खाली. माझ्या साध्या 10×50 (दहापट मोठं दाखवणाऱ्या, 50 मिलिमीटर भिंगांच्या) द्विनेत्री दुर्बिणीत दोन्ही एकदम मावतात : खाली गुबगुबीत गोळा, वर चष्म्याच्या काचेवर बोट लागल्यासारखा पुसट गोल डाग. तो डाग म्हणजे सव्वा कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका, देवयानी दीर्घिकेच्या पाचपट दूर. काळा पट्टा मात्र दुर्बिणीत शोधत बसू नका. त्यासाठी सहा-आठ इंची टेलिस्कोप आणि खरोखर अंधारं आकाश लागतं. तेव्हाही नजर थेट न रोखता किंचित बाजूला ठेवली, तर डाग मधून दुभंगलेला दिसतो. फोटोतले रंग तिथे दिसणार नाहीत, हे मुलांना घेऊन जाणार असाल तर आधीच सांगून ठेवा.