निकाल नाही, तर पेढे कसले?

पत्र नाशिकहून आलं आहे, एका आईचं. दहा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा, दोघंही घरीच शिकतात. एक मेला इमारतीतली मुलं प्रगतिपुस्तकं नाचवत येतात, तेव्हा मुलगी गॅलरीतून बघत राहते. म्हणून गेल्या वर्षी आईने संगणकावर सुरेख प्रगतिपुस्तक करून प्रत्येक विषयापुढे ‘अ+’ लिहिलं. मुलगी म्हणाली, “हे तर तूच लिहिलंयस.” यंदा काहीतरी खरं करायचं आहे, पण गणिताचे तीन धडे बाकी आहेत. नवरा म्हणतो, महाबळेश्वरला जाऊ, तोच समारंभ. सासूबाई विचारतात, “परीक्षा नाही, निकाल नाही, मग पेढे कसले?”

सप्रेम नमस्कार.

मुलीचं बरोबर आहे. प्रगतिपुस्तकाला वजन येतं ते देणारा माणूस घरचा नसतो म्हणून. आईने दिलेला ‘अ+’ म्हणजे आईचं प्रेम, आणि ते तिला आधीच ठाऊक आहे. शाळेची नक्कल करायला गेलात की ती नेहमी नक्कलच दिसणार. तुमच्याकडे जे आहे ते शाळेकडे नाही: वर्षभराचं काम सगळं घरात आहे, आणि ते बघायला माणसंही घरातच आहेत. तेच मांडा.

आधी तारीख ठरवा. शाळेचं वर्ष घंटा वाजवून संपतं. घरचं वर्ष मात्र ओघळत राहतं आणि मेच्या मध्यात कधीतरी वह्या आपोआप मिटतात. एक मेच्या आधीचा शनिवार घ्या आणि तीन आठवडे आधी कॅलेंडरवर मुलीच्या हाताने गोल करवून घ्या. म्हणजे इमारतीतली मुलं निकाल घेऊन येतील तेव्हा हिचा दिवस होऊन गेलेला असेल आणि तिच्याही हातात वाटायला काहीतरी असेल.

गणिताचे तीन धडे त्या तीन आठवड्यांत कोंबू नका. तसं केलंत तर समारंभ म्हणजे लाच ठरते आणि धडे कच्चे राहतात ते वेगळंच. एका कागदावर नेमकं लिहा: ‘समच्छेद अपूर्णांकांची बेरीज येते, भिन्नच्छेदांची अजून नाही’, असं. नुसतं ‘अपूर्णांक बाकी’ लिहिलंत तर जूनमध्ये पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात कराल. कागद पाकिटात घालून चिकटवा, वर ‘१५ जून’ लिहा.

आता मांडणी. प्रत्येक मुलाच्या दहा-बारा वस्तू, त्याहून जास्त नकोत; पंचवीस ठेवल्यात तर पाहुणे चौथ्यापाशीच ‘वा, छान’ म्हणून खुर्ची शोधतात. निवड मुलांनी करायची, तुम्ही फक्त एक अट घाला: तीन जोड्या हव्यातच. जूनचं पान आणि एप्रिलचं पान शेजारी शेजारी. मुलाच्या जूनच्या ओळीतला उलटा ‘ळ’ आणि एप्रिलमधला सरळ ‘ळ’ एकत्र दिसला की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. तीन धडे राहिल्याची रुखरुख तुमच्याही मनातून तिथेच थोडी कमी होईल. पानांवर तारखा घातल्या नसतील (बहुतेक घरांत नसतात), तर फोनमधले फोटो बघा. त्यावरून महिना तरी निघतो. एक बिघडलेली वस्तूही ठेवा: न उगवलेली मेथी, पडलेला पूल. त्यावर मुलं सर्वांत जास्त बोलतात.

प्रत्येक वस्तूखाली मुलांच्या अक्षरात तीन ओळींची चिठ्ठी: हे काय, कधी केलं, अवघड काय होतं. शुद्धलेखन सुधारायला जाऊ नका. सुतळी आणि कपड्यांचे चिमटे पुरतात. पण मे तोंडावर, पंखा चालूच असणार आणि कागद फडफडून उलटे होणार. म्हणून कागद आधी जाड कार्डशीटवर चिकटवा आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांना आणखी एकेक चिमटा लावा. रोज तासभर, तीन दिवसांत होतं. आदल्या रात्री एकटीने करायला बसलात तर दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर तुमचाच चेहरा उतरलेला असेल.

सासूबाईंचा प्रश्न टोमणा वाटतो, पण त्यात साधी शंका आहे: पोरं शिकली हे मला कसं कळणार? त्याचं उत्तर त्यांना शब्दांत देऊ नका, त्यांना काम द्या. सहा वाजता समारंभ औक्षणाने सुरू करा, आणि औक्षण त्यांनीच करायचं. (निरांजनासाठी पाच मिनिटं पंखा बंद करावाच लागेल.) मग मुलांनी पहिली फेरी आजीलाच दाखवायची.

तुम्ही लिहिलंय की मुलीने यंदा सातवाहन केले. मग महाबळेश्वरऐवजी, किंवा त्याआधी, त्याच शनिवारी सकाळी पांडवलेणी गाठा. आठपर्यंत पायथ्याशी पोचा, नंतर दगड तापतो. माणशी एक लिटर पाणी घ्या. लेणं क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं तिने त्यात कौतुक केलंय, आणि लेख कोरला गेला तेव्हा गादीवर तिचा नातू पुळुमावी होता. म्हणजे आजीने कोरवून घेतलेला लेख! सासूबाईंना पायऱ्या झेपणार नसतील तर मुलीने फोटो काढून संध्याकाळी त्यांना ही गोष्ट सांगावी. महाबळेश्वरला जरूर जा, पण ती सुट्टी. मेच्या गर्दीत तिथे कशाचा आनंद साजरा करतोय हे मुलांच्या लक्षातही राहणार नाही.

फेरीनंतर प्रत्येक मुलाने पाच मिनिटं एक गोष्ट करून दाखवायची किंवा शिकवायची. पाठ केलेलं भाषण नको. ते मध्येच अडकतं आणि रडू येतं. एक धोका नक्की असतो: कुणीतरी काका “सतराचा पाढा म्हण बघू” म्हणणारच. त्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की प्रश्न फक्त भिंतीवरच्या गोष्टींबद्दल विचारायचे. भावंडांना बक्षिसं देऊ नका, पहिला-दुसरा तर नकोच. दोघंच असतील तर दुसरा म्हणजे शेवटचा.

पेढ्यांऐवजी मुलांनी केलेलं आम्रखंड ठेवा, कारण त्यात अपूर्णांक आहेत: एक किलोत अर्धा चक्का, पाव साखर, पाव हापूसचा रस. आठ जणांना पुरतं. अर्ध्या किलो चक्क्यासाठी साधारण सव्वा लिटर म्हशीच्या दुधाचं दही लागतं. शुक्रवारी रात्री ते मलमलच्या फडक्यात बांधून, चाळणीत, खाली पातेलं ठेवून फ्रिजमध्येच ठेवा. या दिवसांत नळाला टांगलं तर सकाळी आंबट होतं. चक्का फडक्याला चिकटेनासा झाला, की तयार. ओला राहिला तर साखर घातल्यावर आणखी पाणी सुटतं आणि आम्रखंडाची लस्सी होते. वजन मुलीने करायचं, पुरणयंत्र मुलाने फिरवायचं. चक्का आणि साखर एकत्र करून अर्धा तास ठेवा, मग यंत्रातून काढा, रस शेवटी घाला. पायरीचा रस पातळ, तो नको. एक मेला वाटायचं असेल तर थोडं आधीच वेगळं काढून झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

“पुढे काय?” असं कुणी विचारलंच, तर एका वाक्यात सांगा: एनआयओएसची (केंद्र सरकारच्या मुक्त विद्यालयाची) दहावी वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्या संध्याकाळी याहून जास्त चर्चा नको.

राहिले बाबा. ‘महाबळेश्वरला जाऊ, तोच समारंभ’ म्हणणाऱ्या माणसाला विद्यार्थी करा. जेवणं झाल्यावर साडेआठला गच्चीवर जा. सप्तर्षी उत्तरेला उंच आलेले असतात. चौकोनाच्या कडेचे, शेपटीपासून लांबचे दोन तारे जोडून ती रेघ त्यांच्यातल्या अंतराच्या पाचपट पुढे न्यायची, की ध्रुव. नाशिकचा अक्षांश साधारण २०, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून २० अंशांवर: हात ताठ धरून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठी. हे मुलीने बाबांना शिकवायचं, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. दिवसा एकदा वर जाऊन उत्तरेला टाकी किंवा समोरची इमारत आड येते का ते बघून ठेवा, आणि सासूबाईंसाठी एक खुर्ची तेव्हाच वर नेऊन ठेवा.