कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या रुग्णाला स्टिरॉइड देतात, मग साध्या ताप-खोकल्यात का देत नाहीत?

कारण साध्या तापाच्या टप्प्यात रोगप्रतिकारक पेशी आपलं काम चोख करत असतात आणि स्टिरॉइड नेमकं तेच काम दाबतं. पहिल्या आठवड्यात श्वासमार्गाच्या अस्तरातल्या पेशी इंटरफेरॉन (धोक्याचा इशारा देणारी प्रथिनं) सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात; मागोमाग टी-पेशी येऊन विषाणू शिरलेल्या पेशी मारतात. काहींमध्ये मात्र दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास विषाणू ओसरायला लागला तरी मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी थांबत नाहीत. आयएल-६ सारखी सूज वाढवणारी रसायनं वाढतात, फुप्फुसातल्या केशवाहिन्या पाझरू लागतात, वायुकोशांत पाणी भरतं आणि ऑक्सिजन रक्तात पोचेनासा होतो. इथे विषाणूपेक्षा सूजच जास्त नुकसान करते, म्हणून स्टिरॉइड जीव वाचवतं.

याला आधार ब्रिटनमधल्या २०२० च्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीचा. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांऐवजी २९.३ टक्के झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काहीच फायदा दिसला नाही.

एक अपवाद: दमेकऱ्यांनी डॉक्टरांनी दिलेला रोजचा स्टिरॉइडचा पंप कोविड झाला म्हणून परस्पर बंद करू नये. गोळ्या मात्र कृपा करून स्वतःच्या मनाने सुरू करू नका. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस (काळ्या बुरशीचा आजार) झालेल्या अनेकांना मधुमेह होता आणि स्टिरॉइडही दिलेलं होतं.