नम्रतेचा सराव कसा करावा?

प्रश्न : कुणी कौतुक केलं की मी लगेच ‘छे, माझं काय त्यात’ म्हणते. मग आपण किती नम्र आहोत, असं मनात येतं. प्रार्थना करूनही हे जात नाही. रोज करता येईल असं काही आहे का?

उत्तर : आधी ते ‘छे’ सोडा. कौतुक नाकारलं की समोरचा आणखी आग्रह धरतो आणि बोलणं तुमच्याभोवतीच फिरत राहतं. ‘धन्यवाद’ म्हणा, कुणाची मदत झाली असेल तर त्यांचं नाव घ्या आणि विषय पुढे न्या.

रोजच्या सरावासाठी जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी १६व्या शतकात घालून दिलेली पद्धत आजही उत्तम आहे. एकच दोष निवडा, तोही मोजता येईल असा. ‘अहंकार’ हा शब्द फार मोघम आहे; दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं, न विचारता आपल्या कामाचं सांगत बसणं, असं काहीतरी घ्या. सकाळी उठताच त्याबद्दल सावध राहायचा निश्चय करा. चूक झाली की हात छातीशी नेऊन मनात पश्चात्ताप करा. चारचौघांतही ते कुणाला कळत नाही. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर एकेक तास आठवा आणि वहीत चुकांइतके ठिपके द्या. दिवसाला दोन ओळी पुरतात. आठवडा संपला की मागच्या आठवड्याशी ताडून पाहा.

सुरुवातीला ठिपके वाढतात. पूर्वी जे लक्षातच येत नव्हतं ते आता दिसू लागलेलं असतं, म्हणून घाबरून वही बंद करू नका. खरा धोका ठिपके कमी झाल्यावर असतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात १८व्या अध्यायातला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) आठवड्यातून दोनदा उपास करी, मिळकतीचा दशांश देई. ही साधना खोटी नव्हती. पण तिचा हिशेब देवापुढे मांडताना त्याची नजर तिथेच प्रार्थना करणाऱ्या जकातदाराकडे, म्हणजे कर गोळा करणाऱ्याकडे, तुच्छतेने वळली. म्हणून वही कुणाला दाखवू नका, आणि शेवटचा ठिपका दिल्यावर त्या जकातदाराचंच वाक्य म्हणा : ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’

प्रश्न : नम्र राहायचं म्हणजे अपमान मुकाट्याने सोसायचा का?

उत्तर : नाही. शिपायाने थप्पड मारली तेव्हा माझं काय चुकलं ते दाखव, नाहीतर मला का मारतोस, असं येशूने विचारलं (योहान १८:२३). तुम्हीही त्या व्यक्तीला एकांतात गाठून घडलेल्या कृतीबद्दल स्पष्ट बोला. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या, मग मंडळीला, म्हणजे चर्चच्या समुदायाला, सांगा. मत्तय १८ मधला क्रम हाच आहे. मारहाण होत असेल तर मात्र एकांतात भेटू नका, आधी सुरक्षित जागी जा आणि मदत मागा.