आरओजी अलायची बॅटरी सव्वा तासात संपते, बॅगेत ठेवला तरी उतरते. बॅटरी बदलायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२३चा आरओजी अलाय (हातात धरून गेम खेळायचा असुसचा विंडोज कॉम्प्युटर), झेड१ एक्स्ट्रीम चिप. टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त वीज ओढणाऱ्या मोडवर, सव्वा तासात बॅटरी संपते, हात भाजेल इतका तापतो, रात्री बॅगेत ठेवला की सकाळी गरम आणि बॅटरी जवळपास शून्य. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, मित्र म्हणतो विकून अलाय एक्स (याचंच पुढचं मॉडेल) घे. आणि तुम्ही अकोल्याचे.

बॅटरी बदलू नका. निदान आज तरी नाही. आधी एक भागाकार करा. या यंत्राची बॅटरी ४० वॅट-अवरची आहे, म्हणजे ४० वॅट ओढणारं यंत्र ती तासभर चालवेल. ती सव्वा तासात संपते म्हणजे यंत्र ४० भागिले १.२५, म्हणजे ३२ वॅट ओढतंय. बॅटरीवर टर्बो म्हणजे एकट्या चिपला २५ वॅट. उरलेले ७ वॅट स्क्रीन, पंखे, एसएसडी, वायफाय आणि स्पीकर खातात. हिशेब जुळला. तुमची बॅटरी जितकं द्यायला हवं तितकंच देतेय. ती खरंच गेली असती तर टर्बोवर पाऊण तासही निघाला नसता, आणि ३०-४० टक्क्यांवरून यंत्र धाडकन बंद पडलं असतं.

तरी खात्री हवीच, आणि ती विंडोजच देतं. स्टार्टमध्ये सीएमडी (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) शोधा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, पॉवरसीएफजी टाइप करा, एक जागा सोडा, तिरकी रेघ, तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत. एंटर दाबलं की फाइल कुठे सेव्ह झाली ते तिथेच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडा आणि दोनच ओळी बघा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिली ४०,००० मिलिवॅट-अवरच्या (म्हणजे ४० वॅट-अवरच्या) आसपास असेल. दुसरी ३२,०००च्या वर असेल तर त्या बॅटरीला हात लावायचं कारण नाही.

मी इतकं जोरात सांगतोय, कारण अगदी हीच तक्रार असलेला एक अलाय माझ्या टेबलावर उघडला गेलाय. तोही दुकानातून 'बॅटरी बदला' असा शिक्का घेऊनच आला होता. रिपोर्ट काढला तर फुल चार्ज ३७,६००, म्हणजे ९४ टक्के. दोन वर्षं वापरलेल्या बॅटरीसाठी उत्तम. दुकानात कुणी हा रिपोर्ट काढलाच नव्हता. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते न करता गिऱ्हाइकाला खर्चात पाडणं मला मान्य नाही.

त्या पीसमध्ये तीन गोष्टी बिघडल्या होत्या आणि त्यांतली एकच हार्डवेअरची होती: धूळ. मागचं कव्हर सहा स्क्रूंवर बसलेलं असतं. खालचा मधला स्क्रू पूर्ण बाहेर येत नाही, कव्हरमध्येच राहतो. तो निघत नाही म्हणून पक्कडीने ओढू नका. तो सैल झाला की तिथे कव्हर जरा उचललं जातं, तिथूनच प्लॅस्टिकची पट्टी (जुनं गिटार पिक चालतं) घालून कडेकडेने सोडवत जायचं. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा. मग पंख्यांच्या तोंडाशी, हवा जिथून पत्र्याच्या बारीक जाळीत शिरते तिथे बघा. त्या पीसमध्ये धूळ आणि लोकरीच्या तंतूंचा नमद्यासारखा घट्ट थर बसला होता, चिमट्याने उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. यंत्र मांडीवरच्या शालीवर ठेवून खेळायची सवय, आणि हवा आत घ्यायच्या खाचा नेमक्या पाठीला. साफ करताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, मगच ब्लोअर मारा. मोकळा सोडलात तर तो प्रमाणाबाहेर वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लिनर लावूच नका.

धूळ काढल्यावर त्याच गेममध्ये, त्याच वॅटवर तापमान ९ अंशांनी उतरलं आणि पंख्याची शिट्टी थांबली. बॅटरी मात्र तेवढीच चालली, कारण वॅट तेवढेच होते. लोक इथेच गल्लत करतात. यंत्र तापणं आणि बॅटरी उतरणं ही एकाच सवयीची दोन फळं आहेत, पण एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

सवय म्हणजे टर्बो. पीसचा मालक कॉलेजातला मुलगा. त्याचं म्हणणं, "दादा, सत्तर हजार मोजलेत, मग चाळीस फ्रेमवर (सेकंदाला चाळीस चित्रांवर) कशाला खेळू? ४० लावून बघितलं मी, अडखळतं." हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि आजवर कुणाला ते नीट पटवून देता आलं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी वॅटचं. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. शिवाय यातलं ग्राफिक्स स्वतंत्र मेमरीवर चालत नाही, प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच १६ जीबीतून खातात. मेमरीचा पुरवठा तेवढाच राहतो, मग वरचे वॅट ओतले तरी ग्राफिक्स डेटाची वाट बघत बसतं. १५ वरून २५ वॅटवर जाताना खर्च दोन-तृतीयांशाने वाढतो, फ्रेम मात्र बहुतेक जड गेममध्ये चौथाईच्या आसपासच वाढतात.

आता चाळीस फ्रेम. ६० फ्रेममध्ये प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, ३० मध्ये ३३.३ नी, आणि ४० मध्ये २५ नी. म्हणजे आकड्यात ४० हे ३०च्या जवळ दिसत असलं तरी डोळ्याला आणि बोटाला ते बरोबर मध्यावर लागतं. मग त्या मुलाला अडखळत का होतं? कारण बॅटरी वाचावी म्हणून त्याने स्क्रीन ६० हर्ट्झवर आणली होती, म्हणजे ती सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवते. ६०ला ४०ने भाग जात नाही. एक चित्र एकदा दिसतं, पुढचं दोनदा, मग परत एकदा. कॅमेरा आडवा फिरवला की हा लंगडेपणा लगेच जाणवतो. या स्क्रीनचं व्हीआरआर (गेमच्या फ्रेमप्रमाणे हर्ट्झ बदलायची सोय) ४८ हर्ट्झच्या खाली थेट जात नाही, आणि ६०वर बांधलेल्या स्क्रीनवर ४०ची दुप्पट ८० बसत नाही, त्यामुळे तेही सोडवू शकत नाही. तीच स्क्रीन १२० वर नेली की प्रत्येक चित्र बरोबर तीनदा दिसतं. त्याच्यासमोर दोन्ही लावून दाखवलं, तोच गेम, गेममधला तोच बाजार, तोच कॅमेरा. स्क्रीनच्या डावीकडचं छोटं बटण दाबायचं, उघडणाऱ्या कमांड सेंटर या झटपट सेटिंगच्या पट्टीत ६०चं १२० करायचं, एवढाच फरक. १२० हर्ट्झला वीज थोडी जास्त लागते, पण चिपवर वाचतं त्यापुढे ती काहीच नाही.

तुम्ही करायचं ते असं. स्क्रीन १२० वर. गेममध्ये फ्रेमची मर्यादा असेल तर तिथेच ४० लावा, नसेल तर रिवाट्यूनर या वेगळ्या ॲपमधून. मग आर्मरी क्रेट या असुसच्या सेटिंगच्या ॲपमध्ये मॅन्युअल मोड घ्या. तिथे एसपीएल, एसपीपीटी, एफपीपीटी असे तीन स्लायडर आहेत: पहिला सतत मिळणारे वॅट, दुसरा थोड्या वेळासाठीचे, तिसरा क्षणभराच्या उसळीसाठीचे. पहिला १५ वर ठेवा, दुसरा त्याहून २ जास्त, तिसरा आणखी २ जास्त. गेममधली सगळ्यात जड जागा शोधा, गर्दीचं शहर, पाऊस, स्फोट असं काही, आणि तिथे उभं राहून एकेक वॅट कमी करत जा. फ्रेम ४०च्या खाली घसरल्या की २ वॅट परत वाढवा. मोकळ्या मैदानात बसून मोजू नका, तिथे ९ वॅटवरही छान चालतं आणि शहरात शिरलात की रडतं. त्या पीसला १३ वॅट पुरले. १३ आणि वरचे ७ असे २०, बॅटरी ३७.६, म्हणजे दोन तासांना सात मिनिटं कमी. टर्बोवर त्याच बॅटरीत ७० मिनिटं निघत होती. मुलाने अजूनही मान्य केलेलं नाही, चार्जरला लावलं की तो टर्बोच लावतो. चार्जरवर खुशाल लावावा, माझी तक्रार बॅटरीवरच्या टर्बोबद्दल आहे.

आता बॅगेतली बॅटरी. पॉवर बटण दाबून स्क्रीन काळी झाली म्हणजे यंत्र झोपलं असं नाही. विंडोजच्या या स्लीपमध्ये वायफाय, अपडेट, ऑनलाइन गेम-दुकानांची ॲप (लाँचर) अधूनमधून जागे होतात, आणि मागे गेम उघडा असेल तर बंद बॅगेत पंखा फिरत राहतो. सकाळी गरम लागतो तो याचमुळे. उपाय: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटण डज', तिथे बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी हायबरनेट. पर्याय दिसत नसेल तर मघाच्याच काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, तिरकी रेघ, हायबरनेट, जागा, ऑन. हायबरनेटमध्ये मेमरीतलं सगळं एसएसडीवर लिहून यंत्र पूर्ण बंद होतं. जागं व्हायला जरा जास्त वेळ लागतो आणि ऑनलाइन गेमचं कनेक्शन तुटतं, म्हणून सेव्ह करून मगच बटण दाबा. रात्री नक्की काय जागं होतं ते बघायचं तर बॅटरीरिपोर्टच्या जागी स्लीपस्टडी टाइप करा.

ऊन. मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४४ला टेकतो. स्टीम डेक या अशाच दुसऱ्या यंत्राच्या कंपनीने तर आपलं यंत्र ० ते ३५ अंशांतच सर्वोत्तम चालतं असं लिहूनच दिलंय, आणि अलायची चिप काही वेगळ्या मातीची नाही. खोली ४० अंश असेल तर दुपारी १३ वॅटच्या वर जाऊ नका. गोधडीवर, उशीवर ठेवू नका. कूलरच्या थेट झोतातही नको, त्या हवेत पाण्याचे बारीक तुषार असतात. चिप ८०-८५ अंशांवर असेल तर घाबरू नका, ९५च्या आसपास ती स्वतःच वेग कमी करते.

चित्र मधेच अडकत असेल, जमीन-भिंती धूसर दिसत असतील तर तो प्रकार वेगळा. आर्मरी क्रेटमध्ये ग्राफिक्ससाठी राखलेली मेमरी ४ जीबी असते ती ६ करा आणि रीस्टार्ट करा. ८ केलीत तर विंडोजला ८च उरतात आणि दुसरीकडे ओढाताण होते.

अलाय एक्सला ८० वॅट-अवरची बॅटरी आहे, तुमच्याच ३२ वॅटला ती अडीच तास पुरेल. घ्यायचा का, ते खिशाचं गणित आहे, त्यात मी पडत नाही. पण टर्बोची सवय तीच राहिली तर तोही तापणारच. पॉवर बँक घेणार असाल तर ६५ वॅट पीडी (टाइप-सीवरून जलद चार्जिंगची पद्धत) देणारीच घ्या. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, वाटेतली घट धरून हातात साठच्या आसपास येतात, म्हणजे दीड वेळा चार्ज.

वॉरंटी चालू असेल तर कव्हर उघडू नका, आधी कागद बघा. धूळ न काढताही वर सांगितलेल्या बाकी सगळ्या सेटिंग करता येतात. आणि दुकानदार बरोबर असण्याची एक शक्यता आहे, ती नजरेने तपासा: यंत्र काचेच्या टेबलावर उताणं ठेवा. डुगडुगत असेल, पाठीचं कव्हर कडेला उचललेलं दिसत असेल, किंवा पूर्वी नव्हती अशी फट आली असेल, तर बॅटरी फुगली आहे. मग रिपोर्ट, वॅट सगळं सोडा, चार्जर काढा, यंत्र बंद करा, परत चार्ज करू नका आणि थेट अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या.